भाऊचं मुसकं

आमच्या कुत्र्याचं नाव भाऊ. नाशिकमध्ये कुत्र्याचं हे नाव ठेवू नये, हे आम्हाला बारसं झाल्यावर कळलं. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर "भाऊ, भुंकू नको!" अशी हाक मारली की पुढचे तीन पुरुष वळून बघतात. ज्याला हाक मारली तो मात्र भुंकतच असतो.

तसा भाऊ गरीब आहे. त्याचं वैर आहे ते फक्त डॉक्टरांशी. दरवर्षी रेबीजची लस टोचायला त्याला तिघं धरतात. गेल्या वर्षी डॉक्टरांच्या बाहीचं बटण त्याच्या पोटात गेलं. दोन दिवसांनी ते परत मिळालं, पण नेऊन द्यायचा धीर मला झाला नाही. "पुढच्या वेळी मझलची सवय लावून आणा," एवढंच ते म्हणाले होते.

मी आधी कापडी मझल आणलं, तोंड गच्च मिटणारं. ते चुकलंच. कुत्रा जीभ काढून धापा टाकतो तेव्हाच त्याचं अंग गार होतं. एप्रिलच्या उन्हात त्याचं तोंड बांधणं म्हणजे कुकरची शिट्टीच बुजवणं. मग जाळीचं आणलं, टोपलीसारखं. त्यात धापा टाकता येतात, पाणी पिता येतं, जाळीतून खाऊही घेता येतो.

"अगंबाई, मुसकं!" आई म्हणाली. तिचं माहेर निफाडकडचं. "मळणीला खळ्यावर बैलांना बांधायचे. धान्यात तोंड घालू नये म्हणून." तेवढ्यात तिने मला त्या मुसक्यात पनीरचा तुकडा ठेवताना पाहिलं. "अरे, खाऊ नये म्हणून बांधतात ते!"

पण सवय लावायची पद्धत तीच आहे. पट्टा लावायचाच नाही. कुत्र्याने आपणहून नाक आत घालायचं, पनीर खायचं, नाक काढून घ्यायचं. पहिले चार दिवस भाऊ दिवाणाखालून बघत होता आणि मी फरशीवर मांडी ठोकून, हातात टोपली धरून, माधुकरी मागायला बसल्यासारखा. पाचव्या दिवशी नाक आलं. सहाव्या दिवशी मला घाई झाली आणि मी पट्टा आवळला. भाऊने सोफ्याला तोंड घासलं, पंजाने मुसकं ओरबाडलं आणि पुन्हा दिवाण गाठला. झालं, परत श्रीगणेशा. या वेळी पट्टा नुसता मानेवर टेकवायचा. मग १ सेकंद, ३ सेकंद, १० सेकंद. पनीर अर्धा किलोवर गेलं.

त्यातच मामा द्राक्षांचं क्रेट घेऊन आले. आई मामांनाही भाऊच म्हणते, त्यामुळे "भाऊ, बस" म्हटलं की दोघंही बसायचे. पनीरचा खर्च ऐकून मामांनी एक घोस उचलला. मी झडप घालून त्यांचा हात धरला. द्राक्षं आणि मनुके कुत्र्याला विषासारखे, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, असं सांगितलं. मामांचा चेहरा पडला. "अरे, हा एक्स्पोर्टचा माल आहे!" पुढे तासभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

तीन आठवड्यांनी भाऊ मुसकं घालून ट्रॅकवर आला. कालपर्यंत "किती गोड" म्हणणाऱ्या बायका रस्ता सोडून चालू लागल्या. एका काकांनी लांबूनच विचारलं, "किती जणांना चावलाय?" "एका बटणाला," मी म्हणालो. आमचे शेजारी जोशात ओरडले, "काय, भाऊच्या मुसक्या आवळल्या वाटतं!" आणि पुढे चाललेल्या एका पांढऱ्या कपड्यांतल्या गृहस्थांनी गर्रकन मागे पाहिलं.

दवाखान्यात लस कधी टोचली ते भाऊला कळलंच नाही; तो जाळीतून पनीर ओढण्यात गर्क होता. डॉक्टरांनी या वेळी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला होता.

आता मुसकं दाराच्या खिळ्याला असतं. असतं म्हणजे, असायला हवं. रात्री अकराला भाऊ ते खाली पाडतो, ओढत फ्रिजपाशी नेतो, आत नाक खुपसतो आणि शहाण्यासारखा बसून राहतो.

"बैल असता तर खळं रिकामं केलं असतं याने," आई पुटपुटते आणि पनीर कापायला उठते.