उंदीरमारीचा पाला गाईला विष नव्हे

गेले काही दिवस आमच्याकडे गोठ्यागोठ्यांत एक मेसेज फिरतोय: "उंदीरमारीने उंदीर मरतो, मग गाय कशी वाचेल? सुबाभळीने केस झडतात. झाडपाल्याने पोट फुगतं. पाला शेळीला, गाईला पेंढाच खरा." तो वाचून शेजारच्या काकींनी बांधावरचं गिरिपुष्प, म्हणजे हीच उंदीरमारी, मुळापासून तोडलं, तेही उन्हाळा तोंडावर असताना. वाईट वाटलं, म्हणून लिहिते.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण खरं नुकसान त्यानेच होतंय. गाय पेंढा स्वतः पचवत नाही. तिच्या कोटीपोटातले, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, जंतू तो फोडतात, आणि त्या जंतूंना जगायला नत्र लागतं, ते चाऱ्यातल्या प्रथिनांतून मिळतं. चाऱ्यात कच्ची प्रथिने साधारण 7 टक्क्यांच्या खाली गेली की त्यांचं काम मंदावतं. भाताच्या पेंढ्यात ती असतात जेमतेम 3 ते 4 टक्के. मग पेंढा पोटात रेंगाळतो, भूक मरते, गव्हाणीत अर्धा चारा तसाच उरतो आणि आपण म्हणतो, गाय खात नाही. गिरिपुष्पाच्या किंवा सुबाभळीच्या पाल्यात सुक्या वजनावर 20 ते 25 टक्के कच्ची प्रथिने असतात. सुक्या वजनाने तीन भाग पेंढ्याला एक भाग पाला धरला, तरी गव्हाणीतला चारा 8 टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे पाला घालायचा तो उडवीतला पेंढा अंगी लागावा म्हणून. दुभत्या गाईची आंबोण (खुराक) आणि खनिज मिश्रण बंद करा, असा याचा अर्थ मुळीच नाही.

आता उंदीरमारी. नाव खोटं नाही. या झाडात कुमारिन नावाचं द्रव्य असतं. साल किंवा पाला शिजवलेल्या धान्यात कालवून आंबवला की जंतू त्या कुमारिनचं डायकुमारॉल करतात. त्याने रक्त गोठत नाही आणि उंदीर आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. विष तयार होतं ते आंबल्यावर. ताजा किंवा उन्हात मलूल केलेला पाला गाई, म्हशी, शेळ्या मध्य अमेरिकेपासून श्रीलंकेपर्यंत खातात. त्यामुळे सांभाळायचं ते एवढंच, की ओल्या पाल्याचा ढीग गोठ्यात दोन-तीन दिवस तसाच ठेवू नका आणि बुरशी दिसली तर सरळ खतात टाका. घोड्याला मात्र हा पाला घालूच नये. पहिले काही दिवस गाय वास घेऊन तोंड फिरवते. चार-पाच तास सुकवून मूठ-मूठ पेंढ्यात मिसळला की सवय होते.

सुबाभळीबद्दल मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, ते मान्य करायला हवं. तिच्यातल्या मिमोसिन नावाच्या द्रव्याने घोड्याची आयाळ झडते. कोटीपोटात मिमोसिनपासून जो पदार्थ बनतो, तो साठला तर गलगंड होतो. पण तो पदार्थ फोडणारा जंतूही आहे. हवाईतल्या शेळ्या सुबाभूळ खाऊन ठणठणीत आणि ऑस्ट्रेलियातली जनावरं आजारी, हे कोडं रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने सोडवलं: फरक याच जंतूचा होता. 1992 मध्ये त्या जंतूला त्यांच्याच नावावरून सिनर्जिस्टिस जोन्साय म्हटलं गेलं. आपल्याकडच्या जनावरांतही असे जंतू सापडले आहेत. तरीही सुबाभूळ एकूण सुक्या चाऱ्याच्या एक तृतीयांशावर नेऊ नका, गाभण जनावराला त्याहून कमीच.

पोटफुगीचा दोष तर भलत्याच्याच माथी मारलाय. फेसाळ फुगी होते ती कोवळा लसूणघास, बरसीम उपाशीपोटी खाल्ल्यावर. सुबाभळीतलं टॅनिन हे तुरट द्रव्य उलट तो फेस धरू देत नाही.

पाल्यात खरं विष शोधायचं तर ते आपल्या माळावरच्या घाणेरीत आहे. तिने यकृत बिघडतं आणि उन्हात कातडी सोलते. त्याबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही!

अडीचशे किलोची गावठी गाय दिवसाला सुमारे 6 किलो सुका चारा खाते. त्याचा चौथा हिस्सा म्हणजे दीड किलो सुका पाला. ओला तोलला तर तो साधारण 6 किलो, एक बरा भारा. गिरिपुष्प फुलायला लागलं की पान गाळतं, नेमकं चारा संपतो तेव्हाच. म्हणून पावसाळा सरताना, भातकापणीच्या सुमाराला त्याची एकदा छाटणी करायची. नवी फूट येते आणि ती उन्हाळ्यात हिरवी राहते. काकींना आता मृगात नवे खुंट लावून द्यायचेत. आमच्या गडग्याला लागून भरपूर आहेत.