नुसतं गवत नाही ते!

आज पुन्हा जर्मनी-पोलंड सरहद्दीवरच्या मुस्काऊच्या बागेत जाऊन आले. परतताना आमच्यातलेच एक जण म्हणाले, "तीन तास चाललो, आणि पाहिलं काय, तर झाडं आणि गवत!" तेव्हा गप्प बसले, पण घरी आल्यापासून डोकं तापलंय.

अहो, तिथलं झाडन् झाड कुणीतरी विचार करून लावलंय. 1815 मध्ये मुस्काऊचा जहागीरदार हेर्मान प्युक्लर यानं हे काम हाती घेतलं आणि जवळजवळ तीस वर्षं तो त्यातच होता. नायसे नदीचा एक फाटा खोदून त्यानं बागेत आणला. राजवाड्याजवळ फुलं, पुढे हिरवळ, मग कुरणं, मग रान. एक कुठे संपलं नि दुसरं कुठे सुरू झालं, ते कळतच नाही. ते कळू नये म्हणूनच तर हा सगळा खटाटोप!

तीन वर्षांपूर्वी बाबा आले होते. नायसेवरच्या पुलाच्या मधोमध थांबून म्हणाले, "सरहद्द कुठाय गं?" म्हटलं, "बाबा, आपण तिच्यावरच उभे आहोत." अलीकडे जर्मनी, पलीकडे पोलंड. बाबा कठड्यावर हात ठेवून कितीतरी वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ज्यानं बाग आखली, त्याला हे माहीत नव्हतं ना?"

नव्हतंच. 1945 मध्ये नदीचीच सरहद्द झाली आणि एका बागेचे दोन तुकडे झाले. राजवाडा त्याच साली जळाला. पलीकडच्या काठावर रान माजलं. पुढे दोन्ही देशांनी मिळून ते साफ केलं, झाकलेली दृश्यं मोकळी केली, आणि 2004 मध्ये ही बाग दोघांच्या नावानं जागतिक वारसा यादीत गेली. आणि तुम्ही म्हणता गवत!

हो, प्युक्लर उधळ्या होता, मान्य. बायकोचा, ल्यूसीचा पैसाही यातच गेला. श्रीमंत नवरी शोधता यावी म्हणून 1826 मध्ये दोघांनी घटस्फोटसुद्धा घेतला, तरी 1845 मध्ये बाग विकावीच लागली. ल्यूसीचं आठवलं की मलाही त्याचा राग येतो.

पण त्या दिवशी बाबा पलीकडे जाऊन बाकावर बसले. समोर नदीपार तो लालसर राजवाडा. तासभर उठले नाहीत. गुडघ्यांमुळे आता त्यांना एवढा प्रवास झेपत नाही.

आज त्याच बाकावर बसून त्यांना फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, "उजवीकडचं ते एकटं झाड आहे का अजून?"

आहे, बाबा.