गरम रेडिएटरचं झाकण आणि आमचे भाऊजी

जावयाला सासरी कोणी उलटून बोलत नाही, म्हणून लिहून काढतो. ‘नागपूरच्या उन्हात जुनी गाडी वाचवण्याचे सहा उपाय’ हा मेसेज भाऊजींनी मे अखेरच्या ऐन नवतप्यात घरच्या ग्रुपवर टाकला. तुमच्याकडेही फिरत आला असेल, माझ्याकडे चार ठिकाणांहून आला. उपाय असे: थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून फेका. कूलंट (इंजिन गार ठेवायला पाण्यात मिसळतात ते द्रव) नको, साधं पाणी भरा. ऑइलमध्ये अर्धा लिटर रॉकेल टाका. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, वाढवून आठशेची हजार सीसी करा. पाण्यापासून गॅस बनवणारं किट बसवा. आणि गाडी तापलीच तर लगेच रेडिएटरचं (इंजिनाचं पाणी गार करणाऱ्या जाळीचं) झाकण उघडून थंड पाणी ओता.

सहावा उपाय माझ्या भाच्याने करून पाहिला. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी आहे.

गाडी आम्हा मामा-भाच्याची. १९९७ ची कार्ब्युरेटरवाली मारुती ८००, मानेवाड्यात माझ्या अंगणात पत्र्याखाली दीड वर्ष खोलून पडली होती. इंजिन आम्हीच बांधलं. त्या दुपारी रहाटे कॉलनी चौकाच्या सिग्नलला तापमानाचा काटा लालमध्ये गेला. पोट्ट्याने गाडी कडेला घेतली, मेसेज काढून वाचला, ओलं फडकं घेतलं आणि झाकण फिरवलं. वर मलाच म्हणतो, “मामा, बाबांनीच तं पाठवलं होतं.”

म्हणून सहाव्यापासूनच सुरू करतो. पुरावा म्हणून त्या झाकणाकडेच बघा. आमच्या झाकणावर ०.९ असा आकडा कोरलाय. म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा ०.९ बारने वाढेपर्यंत झाकण वाफ सोडत नाही. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वर जातो, या दाबाला साधारण ११८ अंश. तोवर ते पाणी गपगुमान पाणीच राहतं. झाकण फिरवलं की दाब एका क्षणात जातो, आणि ११८ अंशांच्या पाण्याला उघड्यावर पाणी राहणं जमत नाही. लिटरमागे तीसेक ग्रॅम पाण्याची जागच्या जागी वाफ होते. तीस ग्रॅम ऐकायला चमचाभर वाटतं, पण त्याची वाफ पन्नास लिटर भरते, आणि ती उरलेलं उकळतं पाणी सोबत घेऊन वर येते. ओलं फडकं तिला काय अडवणार? शिवाय कातडीवर वाफेचं परत पाणी होताना ती आपली सगळी उष्णता तिथेच सोडते. नुसत्या गरम पाण्यापेक्षा वाफ जास्त भाजते ती यामुळे.

आता वरून थंड पाणी. या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे खालचा सिलिंडरांचा भाग, बिडाचा, त्यावर बसणारं हेड अॅल्युमिनियमचं. तेवढ्याच तापमानात अॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट आक्रसतं. तापलेल्या हेडला एकदम गार पाणी लागलं की ते वाकतं, दोघांमधलं गॅस्केट उडतं, आणि मग हेड घेऊन फेसिंगला, म्हणजे सपाट करून घ्यायला, लेथवाल्याकडे जा. गाडी तापली की इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि तासभर सावलीत बसा. रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) हाताने आरामात दाबता आला, की मग झाकणाला हात लावा.

सहा उपायांत एकदाही ‘काऊन तापली?’ असा प्रश्न नाही. आमची उन्हामुळे तापली नव्हती. रेडिएटरच्या पंख्याची अर्थिंगची वायर ढिली होती. धावत्या गाडीला समोरून वारा मिळतो, सिग्नलला पंख्याशिवाय कोण वारा घालणार? ती वायर आम्हीच जोडली होती, तेव्हा हा दोष भाऊजींचा नाही, माझा. मेसेजच्या सुरुवातीला मात्र ‘नागपुरात ५६ अंश झाले होते’ अशी भीती घातली आहे. २०२४ च्या मे अखेरीस स्वयंचलित केंद्राने तो आकडा दाखवला होता खरा, पण हवामान खात्यानेच सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. तरी एवढं मानतो, की रेडिएटर चालतो तो तापमानातल्या फरकावर. नव्वद अंशांच्या पाण्याला पंचवीस अंशांच्या हवेत ६५ चा फरक मिळतो, पंचेचाळिसात फक्त ४५ चा. उन्हाळ्यात त्याची ताकद तिसऱ्या हिश्श्याने घटते.

साध्या पाण्याबद्दलही अर्धं खरं आहे, नाइलाजाने सांगतो. नुसतं पाणी कूलंटच्या मिश्रणापेक्षा उष्णता जास्तच वाहून नेतं. पण गंज ते थांबवत नाही, आणि बोअरवेलच्या पाण्याचा जो पांढरा थर पातेल्यात बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. कूलंट भरा, त्यात मिसळायला डिस्टिल्ड पाणी घ्या.

थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला असेल तर घरापर्यंत येण्यासाठी काढा, जुने मिस्त्री तेच करायचे. मग नवा बसवा. तो नसला तर इंजिन गरम व्हायला फार वेळ घेतं, थंड सिलिंडरच्या भिंतींवरून पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि पिस्टनच्या रिंगा झिजतात. रॉकेलनेही ऑइल पातळच होतं. क्रँक (इंजिनाचा फिरता दांडा) आणि बेअरिंगच्या मधे तेवढाच ऑइलचा पदर असतो, तो मुद्दाम का फाडायचा?

हजार सीसीवाला बहुधा कधी स्लाइड कॅलिपर (व्यास मोजायचं साधन) न धरलेला माणूस. आठशेचं बोअर ६८.५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७२, सिलिंडर तीन: हिशोब ७९६ सीसी. बोअर अर्धा मिलिमीटर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन टाकले तर ८०८ होतात. नुसत्या बोअरने हजार गाठायला ते ७६.८ करावं लागेल. सव्वाआठ मिलिमीटर! दोन सिलिंडरांमधली भिंत त्याआधीच संपेल. ‘आरटीओला बाहेरून दिसत नाही’ असंही वर लिहिलंय. आरसी बुकात सीसी लिहिलेली असते, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ नोंदीशी न जुळणारा बदल करू देत नाही. मालकाला एका बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

गॅस किटवर काय लिहू? पाणी फोडायला वीज अल्टरनेटर देणार, अल्टरनेटरला इंजिन फिरवणार, इंजिनाला पेट्रोल लागणार. दर फेरीत थोडी ऊर्जा गळणारच.

भाऊजी, बाकीचे पाच राहू द्या. ग्रुपवर त्या मेसेजच्या खाली तुमच्या नावाने एक ओळ तेवढी टाका: सहावा करू नका, पोराचा हात भाजला.