फुः

भाचीची मंगळागौर, श्रावणातला मंगळवार, चिपळूणचा एक हॉल, बाहेर धो धो पाऊस. प्रस्तावना संपली. आता नानांकडे येऊ.

नाना म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. वय अठ्ठ्याहत्तर, दात सगळे स्वतःचे आणि फुप्फुसं, हे मी त्या रात्रीपासून छातीठोक सांगू शकते, उत्तम. घरातली पेटी, मिक्सर, विहिरीवरची मोटर, सगळं नाना स्वतः उघडतात. मिटवतं कोण, ते आत्याला विचारा.

फुगड्या सुरू व्हायच्या होत्या, म्हणून मी कोपऱ्यात लेन्स बदलत होते. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ ची लेन्स पुढे ओढली की एफ/५.६ वर येते. (एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान.) हॉलच्या उजेडात तिच्यातून फुगडीचा भोवरा टिपला जातो, बायका नाही. ५० मिलिमीटरची एफ/१.८ लावली की जवळजवळ दहापट उजेड आत येतो. लेन्स बदलायची रीतही ठरलेली आहे. कॅमेरा बंद करायचा, पंख्याकडे पाठ करायची, नव्या लेन्सचं मागचं झाकण आधीच सैल करून ठेवायचं, बॉडीचं, म्हणजे लेन्सविना कॅमेऱ्याचं, तोंड जमिनीकडे धरायचं आणि पाच-सात सेकंदांत जुनी काढून नवी बसवायची. मी हे सगळं केलं. फक्त ‘नानांकडे पाठ करायची’ हे कलम त्या रीतीत नव्हतं.

खरं तर गोष्ट अर्धा तास आधीच सुरू झाली होती. नानांनी “बघू” म्हणून कॅमेरा घेतला आणि डोळ्याला लावला.

“धूसर आहे गं.”

“नाना, चष्मा काढलात म्हणून.”

“चष्मा लावून कोण फोटो काढतं? थांब, इथे चाक आहे.”

ते चाक डायॉप्टरचं. व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीच्या, कडेला असतं, साधारण उणे तीनपासून अधिक एकपर्यंत फिरतं. बघणाऱ्याच्या नंबरानुसार ते लावायचं असतं आणि लावताना समोरचा माणूस बघायचा नसतो. व्ह्यूफाइंडरच्या तळाशी आकडे असतात, ते रेखीव दिसेपर्यंत फिरवायचं. फोटोशी त्याचा काडीचा संबंध नाही, संबंध आपल्या डोळ्याशी. नानांनी ते चाक स्वतःच्या डोळ्याला बसवलं आणि समाधानाने मान हलवली. पुढे तासभर मला सगळ्या बायका पाण्याखाली फुगड्या घालताना दिसल्या. फोकस कॅमेऱ्यानेच केला म्हणून निभावलं.

“आता स्वच्छ दिसतंय,” नाना म्हणाले. “पण आत एक काळा ठिपका आहे.”

“असू दे नाना, तो फोटोत येत नाही.”

“दिसतो म्हणजे येणारच.”

“तो फोकसिंग स्क्रीनवर आहे, आपल्याला चित्र दिसतं त्या पातळ पट्टीवर. फोटो काढताना आरसा वर जातो, उजेड मागे सेन्सरवर पडतो, तिथे फोटो उमटतो. स्क्रीन त्या वाटेत येतच नाही.”

“अगं, डोळ्यात कुसळ गेलं तर दिसायचं राहतं का?”

ह्यावर काय बोलणार? डीएसएलआर, म्हणजे असा आरशाचा कॅमेरा, वापरणाऱ्यांनी एवढं मात्र पाठच करून ठेवावं: व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारा ठिपका फोटोत येत नाही आणि फोटोत येणारा ठिपका व्ह्यूफाइंडरमध्ये दिसत नाही. पहिला फोकसिंग स्क्रीनवर असतो, दुसरा सेन्सरवर. पहिल्याच्या नादी लागू नये. सवय होते, नवऱ्याच्या घोरण्याची होते तशी.

तर मी लेन्स काढली, बॉडी डाव्या हातात, उजवा हात नव्या लेन्सकडे गेलेला. तेवढ्यात “दे इकडे” असं झालं आणि बॉडी नानांच्या हातात गेली. त्यांनी ती नारळाच्या करवंटीसारखी तोंड वर करून धरली. मी “नाना, नाना” म्हणतेय. त्यांनी छाती भरून घेतली.

फुः.

नाना नुकतेच जेवून उठले होते. भाजणीचे वडे, मटकीची उसळ, मसालेभात आणि शेवटी मुठभर बडीशेप-धनाडाळ. ती अजून तोंडातच होती.

आपल्याकडे फुंकर ही सर्वरोगहारी मात्रा आहे. चहावर फुंकर, मुलाच्या सोललेल्या गुडघ्यावर फुंकर, गॅसच्या बर्नरवर, पोथीवर, कॅसेटवर, रिमोटच्या सेलवर. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकसुद्धा फुंकून पितो, ही म्हण आपणच केली. फुंकर मारणाऱ्याला आपण काहीतरी उपचार केला असं वाटतं आणि फुकटात वाटतं, हे तिचं बलस्थान. कॅमेऱ्याच्या बाबतीत पंचाईत अशी की फुंकरीत हवा कमी आणि थुंकी जास्त. हवा निघून जाते, थुंकी राहते. वाळली की तिच्यातले क्षार आणि चिकटा मागे उरतो आणि त्याचं छान गोल कडं तयार होतं. धूळ उडवता येते. कडं उडवता येत नाही, पुसावंच लागतं.

इथे ‘हाः’ आणि ‘फुः’ असा एक बारकावा आहे. लेन्सच्या पुढच्या काचेवर बोट उमटलं आणि जवळ काहीच नसेल, तर तोंड उघडून ‘हाः’ करून वाफ धरायची आणि मऊ कापडाने मधून कडेकडे गोल पुसायचं. नाइलाजाला चालतं. तेही आधी ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी फुग्याने) कचरा उडवल्यावरच, नाहीतर कचराच काचेवर घासला जातो. ‘फुः’ मात्र कुठेच नाही. आणि पदराने पुसायचं तर कधीच नाही. त्या रात्री हॉलमध्ये सगळे पदर जरीचे होते आणि निदान तीन मावश्या मदतीला तयार होत्या.

आत नक्की काय झालं ते सांगते. लेन्स काढल्यावर समोर दिसतो तो पंचेचाळीस अंशांत तिरका बसवलेला आरसा. घरच्या आरशाची चकाकी काचेच्या मागे असते, ह्याची काचेच्या पुढे असते, त्यामुळे रुमालाने पुसला की चकाकीच खरवडली जाते. त्याच्या वर ती फोकसिंग स्क्रीन. ती प्लॅस्टिकची, नखानेही ओरखडा उठेल इतकी मऊ. सेन्सर ह्या सगळ्याच्या मागे, शटरच्या पडद्याआड. म्हणजे नानांची फुंकर सेन्सरपर्यंत तेव्हा पोचली नाही. मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा, असता तर बहुतेक बॉडींत थेट सेन्सरच समोर आला असता. पण सुटका तात्पुरतीच. दर फोटोला आरसा फाडकन वर जातो, पडदा उघडतो आणि कॅमेऱ्याच्या पोटात जे काही मोकळं फिरत असेल ते हळूहळू मागे सरकतं. त्या रात्री मी चारशेबारा फोटो काढले. धनाडाळीला प्रवासाला भरपूर संधी मिळाली.

(फुगडीचे फोटो काढणाऱ्यांसाठी जाता जाता: हात-पाय गोठवायला शटरचा वेग निदान १/२५० सेकंद लागतो, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत बिनधास्त न्या. पण आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून हॉलचे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. १/१०० पेक्षा वेगात गेलात की एक फोटो उजळ, पुढचा काळवंडलेला, तिसरा अर्धा पिवळा. कॅननने २०१४ साली सेव्हन डी मार्क टूमध्ये लुकलुक ओळखून नेमक्या क्षणी शटर सोडण्याची सोय आणली, आता ती बऱ्याच कॅमेऱ्यांत असते. मेन्यूत ‘अँटी-फ्लिकर’ शोधा. नसेल तर १/१०० ठेवा आणि फुगडी संपताना दोघी हात न सोडता मागे रेलून हसतात, तेव्हा बटण दाबा. छतावरून फ्लॅश उडवायचा मोह टाळा. हॉलचं छत पिवळं असेल तर सगळ्या बायका हळद लागल्यासारख्या येतात.)

रात्रभर काहीच कळलं नाही, कारण एफ/१.८ ला सेन्सरवरचा कण दिसत नाही. कण प्रत्यक्षात सेन्सरवर नसून त्याच्या पुढच्या फिल्टरच्या काचेवर असतो आणि फोटोत येते ती त्याची सावली. छिद्र मोठं असलं की उजेड सगळ्या बाजूंनी येतो आणि सावली विरून जाते. छिद्र बारीक केलं की ती ठसठशीत होते. सकाळी पाऊस थांबला, आभाळ राखाडी सपाट, चार रांगांत पंचेचाळीस माणसं. मागच्या रांगेपर्यंत सगळे नीट यावेत म्हणून मी एफ/११ लावलं. घरी येऊन फोटो उघडला. डावीकडे वर, मागच्या रांगेत उभ्या असलेल्या नानांच्या बरोबर डोक्यावर, एक करडा वाटोळा डाग. जणू संतांच्या तसबिरीतली प्रभा, फक्त मळकी.

२४ मेगापिक्सेलच्या लहान सेन्सरवर एक पिक्सेल साधारण चार मायक्रॉनचा असतो. धनाडाळीचा तुकडा अर्धा मिलिमीटर धरला तरी सव्वाशे पिक्सेल व्यापतो. हिशेब करून राग कमी होत नाही, पण निश्चित आकड्यात मोजता येतो.

खात्री करायची तर आयएसओ १००, एफ/१६ किंवा २२, फोकस हाताने मुद्दाम बिघडवायचा आणि कोऱ्या भिंतीसमोर किंवा संगणकाच्या पांढऱ्या पडद्यासमोर कॅमेरा हलवत फोटो काढायचा. भिंतीवरचे डाग विरतात, सेन्सरवरचे तिथेच राहतात. मग ते नेमके कुठे आहेत ते ओळखायचं. लेन्स काढून कॅमेऱ्याच्या समोरून आत बघताना वर-खाली उलटं होतं, डावं-उजवं मात्र तसंच राहतं. फोटोत डावीकडे वर, म्हणजे आत डावीकडे खाली. हे उलटं धरून लोक तासभर भलतीच जागा पुसत बसतात.

पहिला उपाय मेन्यूतला. सेन्सर थरथरवून धूळ झाडण्याची युक्ती ऑलिम्पसने २००३ साली ई-१ मध्ये आणली, आता ती बहुतेकांत असते. कॅमेरा टेबलावर सरळ ठेवून तीन-चार वेळा चालवा. कोरड्या धुळीला पुरतं. नानांना पुरलं नाही.

दुसरा उपाय ब्लोअर, तो रबरी फुग्याचा. बॅटरी पूर्ण भरलेली हवी. ती कमी असेल तर आरसा वर अडकवण्याचा पर्याय कित्येक कॅमेरे उघडूच देत नाहीत, आणि ते बरोबर आहे, कारण मध्येच वीज गेली तर आरसा आणि पडदा तुमच्या हत्यारावर आपटतात. ह्याच कारणासाठी बल्ब मोडवर बटण दाबून धरून सफाई करू नये, बोट घसरतंच. कॅमेऱ्याचं तोंड खाली, फुग्याचं टोक माउंटच्या (लेन्स जिथे बसते त्या कड्याच्या) आत न घालता सात-आठ दाब. दाबाच्या हवेचा डबा वापरायचा नाही. त्यातून कधीकधी गार द्रव उडतो आणि काचेवर गोठतो, म्हणजे तीही एक फुंकरच, विकतची.

धनाडाळ गेली. कडं राहिलं.

मग ओली काडी. लहान सेन्सरला १६ मिलिमीटर रुंदीची, फुल फ्रेमला, म्हणजे मोठ्या सेन्सरला, २४ ची. तिच्या कडेवर सफाईच्या द्रवाचे दोन थेंब, जास्त नाहीत, नाहीतर ओघळ येतात. एका बाजूने एकाच दमात डावीकडून उजवीकडे, मग काडी फिरवून दुसऱ्या बाजूने परत. काडी फेकून द्यायची, दुसऱ्यांदा वापरायची नाही, कितीही जीव तुटला तरी. मला तीन लागल्या. त्या काड्यांची किंमत नानांना सांगितली तर ते फुंकरीचे पैसे मागतील.

सेन्सर साफ झाला. फोकसिंग स्क्रीनवर मात्र बडीशेपेचा हिरवट शिंतोडा तसाच आहे. माझ्या बॉडीत ती स्क्रीन घरी काढता येत नाही, म्हणून दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने छापील फॉर्म पुढे केला. बिघाडाचं कारण: पडला, भिजला, वाळू, बुरशी, इतर.

“भिजला का मॅडम?”

“तसं म्हणता येईल.”

“समुद्राचं पाणी की पावसाचं?”

मी ‘इतर’वर खूण केली. आठ दिवस म्हणाला आहे. त्याला बारा झाले.

आणि खरं सांगू, राग फुंकरीचा नाही. घरात जिच्याकडे कॅमेरा, तिला कार्यात कोणी पाहुणी धरत नाही. ताट वाढलं की “तू नंतर बस, आधी आमचा एक काढ.” मी जेवले तेव्हा वडे गार आणि मठ्ठा संपलेला. दुसऱ्या दिवशी नऊपासून “फोटो कुठायत?” सहा हजार पिक्सेल रुंदीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर चेचून जातो म्हणून ‘डॉक्युमेंट’ करून पाठवले, तर “उघडत नाहीत, साधे पाठव.” साधे पाठवले, तर “जरा फुटतायत गं.”

मध्ये नानांचा फोनही आला. कॅमेरा ओला झालाय असं आत्याकडून कळलं होतं. “तांदळाच्या डब्यात ठेव.” ठेवू नका. तांदळाचं पीठ फटीफटीत शिरतं आणि ओल फारशी निघत नाही. हवाबंद डबा घ्या, आत छोटा आर्द्रतामापक ठेवा, सिलिका जेल टाका आणि काटा ४० ते ५० टक्क्यांत राखा. कोकणात पावसाळ्यात बाहेर ८५ च्या वर असतो आणि ६०-६५ च्या पुढे लेन्समध्ये बुरशीची जाळी धरायला लागते. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ओल भरली. पण निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते पोह्यांच्या कढईत भाजू नका. नारिंगी घ्या, ते हिरवट झाले की वेगळ्या भांड्यात १२० अंशांवर दोनेक तास तापवा. आणि चामड्याच्या पिशवीत कॅमेरा ठेवू नका, बुरशीला चामडं आवडतं.

हे मी नानांना सगळं सांगितलं. ते “हं, हं” म्हणाले आणि म्हणाले, “तांदूळ जुना घे.”

परवा तो ग्रुप फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. डाग पुसायचा राहून गेला होता. दोन मिनिटांत नानांचा संदेश: “फोटो उत्तम. माझ्या डोक्यावर डाग आहे. आत कचरा आहे हे मी त्याच रात्री सांगत होतो, पण ऐकतंय कोण. गौरी-गणपतीला येशील तेव्हा पेटीचा ब्रश काढून ठेवतो.”

खाली सतरा अंगठे. एक आत्याचा.