कॉट्सवोल्ड्स, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि 1818

फोटो उद्या टाकते, आज आधी लिहून घेते नाहीतर नेहमीसारखं राहून जाईल.

सध्या इंग्लंडमध्ये स्विंडनला मावसबहिणीकडे आलेय. इथे गोव्याची माणसं इतकी आहेत की दूध आणायला गेलं तरी कानावर कोकणी पडते. काल भावजी ऑफिसला गेले, त्यांनी आधीच गाडीच्या इन्शुरन्सवर माझं नाव दोन दिवसांपुरतं घालून ठेवलं होतं, आपलं लायसन्स इथे पाहुण्याला बारा महिने चालतं, म्हणून मी, बहीण आणि मागच्या सीटवर मावशी (वय 78, मांडीवर पुऱ्यांचा डबा) अशी वरात कॉट्सवोल्ड्सला, म्हणजे इथून जवळच्या टेकड्यांमधल्या जुन्या गावांकडे, निघाली. या गावात मॅजिक राउंडअबाउट नावाच्या चौकाचं एक प्रकरण आहे, 1972 सालचं. एका मोठ्या गोलाभोवती पाच छोटे गोल, आणि आतल्या गोलात गाड्या चक्क उलट्या फिरतात. शेजारचे गोवेकर अंकल गेटवरून एवढंच म्हणाले, बाय, सवकास. मी बहिणीला सांगितलं, लांबचा रस्ता सांग पण तिथून नको.

गाडी डावीकडूनच चालवायची, स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे तो त्रास नाही. त्रास गल्ल्यांचा. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर झुडपांचं कुंपण, रस्ता आपल्या बैलगाडीच्या वाटेएवढा, आणि वर पाटी काय तर पांढऱ्या गोलावर काळी तिरकी रेघ, म्हणजे ताशी 60 मैलांपर्यंत जायला मोकळीक. साठ मैल म्हणजे शहाण्णव किलोमीटर! मी तीसवर होते आणि तरी मावशी मागून रामरक्षा म्हणत होती. समोरून ट्रॅक्टर आला की जिथे रस्ता जरासा फुगवलेला असतो तिथपर्यंत कोणीतरी एकाने रिव्हर्स घ्यायचा, मग दुसरा जाताना स्टिअरिंगवरची चार बोटं उचलतो, झालं थँक्यू. हॉर्न दिवसभरात एकदाही वाजवला नाही, हाताला चुकल्याचुकल्यासारखं होत होतं.

पहिलं गाव बिबरी. ती प्रसिद्ध आर्लिंग्टन रोची घरं, मधाच्या रंगाचा दगड, उतरती छपरं, समोर कोल्न नदी. खरंच सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. पण ही मुळात घरं नव्हतीच, 1380 च्या सुमाराला मठाचं लोकर ठेवायचं कोठार म्हणून बांधलेली इमारत, सतराव्या शतकात तिची विणकरांसाठी घरं केली. समोरच्या हिरव्या तुकड्याला रॅक आयल म्हणतात, तिथे धुतलेलं कापड चौकटींवर वाळत घालायचे. म्हणजे आज जिथे आपण पाऊट करून सेल्फी काढतो तिथे कामगारांची ओली लोकर लोंबत असायची. पुढे नॉर्थलीच गावच्या चर्चमध्ये लोकरीच्या व्यापाऱ्यांच्या थडग्यांवर त्यांची चित्रं कोरलेले पितळी पत्रे आहेत, चित्रांत त्यांच्या पायाखाली मेंढ्या आणि लोकरीची पोती कोरलीत, कुठलीही लाजबिज नाही, पैसा कुठून आला ते सरळ दाखवलंय. मला ते फार आवडलं.

आता इथून माझं मत सुरू. आपले लोक इथे येतात आणि ग्रुपवर टाकतात, काय ती स्वच्छता, काय ती शिस्त, आपल्याकडे असं का नाही. अहो, ही गावं अशी आपोआप राहिलेली नाहीत. ही घरं लिस्टेड आहेत, म्हणजे जपायच्या इमारतींच्या सरकारी यादीत, खिडकी बदलायची तरी परवानगी लागते. घरांच्या किमती अशा की गावात वाढलेल्या पोरांना गावात राहणं परवडत नाही. बस इतकी क्वचित की गाडी नसेल तर दुधाचीही पंचाईत. बघायला छान, राहायला कुणाला परवडतं ते विचारा. मला त्या घरांचा हेवा वाटला नाही. हेवा वाटला तो पायवाटेचा.

बोर्टन-ऑन-द-वॉटरला पोचेपर्यंत अडीच वाजले होते, एका पबात शिरलो तर किचन बंद झालं म्हणाले, मग काय, विंडरश नदीच्या काठावर बसून पुऱ्या आणि लोणचं. (एका बदकाला मावशीने पुरी टाकली, बहीण ओरडली.) तिथे गावाचंच एक नवमांश आकाराचं मॉडेल आहे, 1937 पासूनचं, आणि त्या मॉडेलमध्ये परत त्या मॉडेलचंही मॉडेल. आम्ही तिकीट न काढता मावशीला बाकावर बसवलं आणि दोघी लोअर स्लॉटरला चालत निघालो. नाव ऐकून दचकू नका, कत्तलीशी संबंध नाही, जुन्या इंग्रजीत चिखलाची जागा म्हणतात तसलं काहीतरी आहे. जेमतेम दीड किलोमीटर. खांबावर पिवळा बाण, लाकडी फाटक, आणि वाट सरळ कुणाच्यातरी शेतातून जाते. मेंढ्या बघत बसतात. मालक तुम्हाला अडवू शकत नाही, कारण ती वाट सरकारी नकाशावर आहे आणि तिच्यावरून चालणं हा लोकांचा हक्क आहे. तोही असाच नाही मिळाला. मोकळ्या डोंगरावर चालू द्या म्हणून 1932 मध्ये किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर लोक मुद्दाम घुसले, पाच जणांना तुरुंगवास झाला, आणि अशा वाटांची नोंद करायचा कायदा व्हायला 1949 उजाडलं.

आणि आमच्याकडे? मावशीच्या माहेरी, वडगाव मावळला, शेताकडे जाणारी पाणंद शेजाऱ्याने नांगरून टाकली त्याला एकोणीस वर्षं झाली. तहसील, प्रांत, कोर्ट, परत तहसील. मामा गेले, केस आहे.

शेवटचा स्टॉप माझा हट्ट. स्टो-ऑन-द-वोल्ड गावाच्या पुढे सहा-सात किलोमीटरवर डेल्सफर्ड. पाटी असेल नसेल, गल्लीत वळलो आणि छोटंसं चर्च. त्याच्या आवारात वॉरन हेस्टिंग्जची कबर आहे. हो, तोच, बंगालचा पहिला गव्हर्नर जनरल. घराण्याची गेलेली इस्टेट त्याने हिंदुस्थानातून परतल्यावर 1788 मध्ये परत विकत घेतली आणि त्याच वर्षी तिकडे लंडनला त्याच्यावर महाभियोगही सुरू झाला. त्याचं घर बांधणाऱ्या कॉकरेलनेच पुढे इथून जवळ सेझिनकोट नावाचं मोठं घर बांधलं, मोगली घुमटाचं, ग्लॉस्टरशरच्या मेंढ्यांमध्ये! लोकरीवाल्यांनी निदान पायाखाली मेंढी कोरली होती, इथे दगडावर नुसतं नाव आणि 1818.

1818 वाचलं आणि अंगावर काटा आला. जूनमध्ये दुसरा बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला, पेशवाई संपली, आणि ऑगस्टमध्ये हा इथे गेला. (पेशवाई बुडवणारा लॉर्ड हेस्टिंग्ज वेगळा बरं का, कमेंटमध्ये भांडू नका.) पण वडगावशी संबंध ह्याचाच. 1779 च्या जानेवारीत वडगावला इंग्रज फौजेला मराठ्यांनी कोंडलं, तह करायला लावला, आणि ह्याने कलकत्त्यात बसून तो तह नाकारला. मग लढाई पुढे चालू, शेवटी 1782 चा सालबाईचा तह, महादजींच्या मध्यस्थीने.

हे सगळं मी मावशीला जोरात सांगतेय कारण तिला ऐकू कमी येतं, आजूबाजूला कोणी नाही, एक कबुतर फक्त. मावशी काठी टेकून बघत राहिली.

"म्हणजे आमच्या वडगावचा तह मोडला तो हा?"

"हो."

"मग ह्याला शिक्षा झाली का?"

"नाही गं. सात वर्षं खटला चालला आणि सुटला."

"सातच?" मावशी म्हणाली. "आमची पाणंद अजून चालूय."