रिकामा पॅटर्न म्हणजे 'काहीच नाही' नव्हे

ग्रेप हे दिलेल्या पॅटर्नशी, म्हणजे शोधायच्या नमुन्याशी, जुळणाऱ्या ओळी मजकुरातून शोधून देणारे साधन. "ग्रेपला रिकामा पॅटर्न दिला की शोधायला काही उरत नाही, म्हणून काही सापडतही नाही, पॅटर्नच्या यादीतल्या कोऱ्या ओळी तो सोडून देतो, आणि बाकीची साधनेही तशीच वागतात." प्रोग्रामरांमध्ये फिरणाऱ्या या सल्ल्यातले एकही विधान टिकत नाही.

पहिले विधान तर थेट उलटे आहे. रिकामी अक्षरमाला प्रत्येक ओळीत असतेच, अगदी कोऱ्या ओळीतही, आणि युनिक्ससारख्या प्रणालींसाठीचे पॉझिक्स मानकही रिकामा पॅटर्न प्रत्येक ओळीशी जुळतो असेच सांगते. म्हणून अवतरणचिन्हांतले व्हेरिएबल रिकामे निघाले, तर 'हे नाव परवानगीच्या यादीत आहे का' ही तपासणी, यादीत एक जरी ओळ असली तरी, शून्य एक्झिट कोड (म्हणजे 'सापडले' असा निकाल) देऊन होकार देते. अवतरणचिन्हे विसरलात तर शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्राम) ते व्हेरिएबल गाळून टाकतो, फाइलचे नावच पॅटर्न ठरते आणि ग्रेप कीबोर्डवरून मजकूर येण्याची वाट पाहत बसतो.

यादीतल्या कोऱ्या ओळीचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. आमच्या एका स्क्रिप्टमध्ये नेहमीच्या, दुर्लक्ष करण्याजोग्या चुकांची यादी पॅटर्न-फाइल म्हणून देऊन उलट निवडीच्या, म्हणजे न जुळणाऱ्या ओळीच दाखवणाऱ्या, '-व्ही' पर्यायाने उरलेल्या चुका कळवल्या जात. कोणीतरी यादीच्या शेवटी एंटर एकदा जास्त दाबले, त्या कोऱ्या ओळीचा रिकामा पॅटर्न झाला, त्याला लॉगमधली प्रत्येक ओळ जुळली आणि '-व्ही'ने ती प्रत्येक ओळ गाळली. अहवाल कोरा येत राहिला व आम्ही त्याला सुचिन्ह समजत राहिलो. गंमत अशी की जीएनयू ग्रेपमध्ये (लिनक्सवर सहसा असणाऱ्या ग्रेपमध्ये) शून्य बाइटची पॅटर्न-फाइल खरोखरच कशाशीही जुळत नाही, कारण तिच्यात एकही पॅटर्न नसतो. शून्य पॅटर्न आणि एक रिकामा पॅटर्न यांतली गल्लत हेच बहुधा या गैरसमजाचे मूळ असावे.

'बाकीची साधनेही तशीच' हे तर सेड या मजकूर बदलणाऱ्या साधनाने केव्हाच खोटे पाडले आहे: तिथे रिकामी रेग्युलर एक्स्प्रेशन (पॅटर्न) म्हणजे शेवटची वापरलेली एक्स्प्रेशन, आणि आधी कोणतीच नसेल तर जीएनयू सेड चूक दाखवून थांबतो.

आमच्या स्क्रिप्टमध्ये आता यादी आधी 'ग्रेप' आणि एका टिंबाच्या (कोणतेही एक अक्षर दर्शवणाऱ्या) पॅटर्नमधून गाळली जाते, म्हणजे किमान एक अक्षर असलेल्याच ओळी पुढे जातात. सगळी यादी गळून गेली, तरी '-व्ही' प्रत्येक चूक दाखवतो.