वरचे दहा

गॅसच्या छोट्या हत्तीचा भोंगा गल्लीच्या तोंडाशी वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. टाकीचे पैसे मोजून तयार असतात. प्रश्न वरच्यांचा.

घरपोच देण्याचे पैसे पावतीत आधीच धरलेले असतात, हे मला ठाऊक आहे. गॅसवाल्या भाऊलाही ठाऊक आहे. पण वैशाखातल्या आमच्या आर्णीकडच्या उन्हात तो 14.2 किलो गॅस आणि जवळजवळ तेवढंच लोखंड खांद्यावर घेऊन ओट्याच्या पायऱ्या चढतो, तेव्हा त्याला पावती दाखवायची हिंमत कोणाच्या बापाची?

"काकाजी, वजन करून दाखवू का जी?" तो विचारतो. मोजून घ्यायचा हक्क आपला. पण टाकी काट्याला टांगायला लावायची आणि वर दहाच द्यायचे, हे काही बरं दिसत नाही. "राहू दे बाप्पा, विश्वास आहे," मी म्हणतो. त्या विश्वासात किती ग्रॅम जातात, देव जाणे.

पोळ्याचं बरं असतं. गडी बैलजोडी घेऊन दारात येतो, ही बैलांचे पाय धुते, ओवाळते, मी बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, देतो. कोणाला किती, ते गावाला पाठ. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढत आलेली पोट्टीसुद्धा भाव सांगूनच घेतात: "बाजूच्या आजीनं वीस देल्ले!" टाकीला ना शिंगं, ना दर.

सलूनचं तर बोलूच नका. त्याच्या बापाला आमच्या घरून सुगीला ज्वारी जायची. परवा साठच्या कटिंगला शंभर देऊन "ठेव" म्हणालो, तर त्यानं चाळीस मोजून हातावर ठेवले आणि तोंड फुगवलं. दुकानाचा मालक तो!

काल खिशात पाचशेची एक आणि दहाची मळकी एक. दहाची चार घड्या करून, लाच दिल्यासारखी, गॅसवाल्याच्या मुठीत सरकवली. त्यानं ती माझ्यासमोरच एकेक घडी उलगडून पाहिली. मग ओट्यावर खेळणाऱ्या माझ्या नातवाला बोलावलं, नोट त्याच्या हातात दिली, आणि स्वतःच्या खिशातून आणखी दहा काढून वर ठेवले.

"घे बेटा. आज्यानं देल्ले त्यात काय येते आता?"

नातू दुकानाकडे पळाला. रिकामी टाकी खडखडत गेली. आतून हिचा आवाज आला, "अजी, त्याचे दहा वापस करा न आधी!"